डॉक्टर म्हणाले

महादेव डॉक्टर दवाखाना बंद करताहेत ही बातमी धारगळला पोचली त्या दुपारी सगुणने भात ताटात तसाच टाकला. डॉक्टर काही वारले नव्हते. वय झालं, गुडघे बोलायला लागले, मुलगा बेळगावला आहे, तिकडे जाऊन राहतो, असं त्यांनी हसतहसत सगळ्यांना सांगितलं होतं आणि दारावर स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद चिकटवला होता. पण सगुणचा चेहराच असा झाला होता की शेजारच्या कमलने कुंपणावरून विनोदिनीला हळूच विचारलं, "कोण गेलो गो?"

सगुण वीज खात्यात लाइनमन होता. निवृत्त होईपर्यंत तीस-बत्तीस वर्षं पावसावाऱ्यात खांबावर चढला. विजेला तो कधी भ्याला नाही. डॉक्टरला मात्र भ्यायचा, आणि ते भय त्याने महादेव डॉक्टरांपुरतं कसंबसं बाजूला ठेवलं होतं. डॉक्टरांना त्याचं सगळं पाठ होतं. कुठल्या गोळीने त्याला मळमळतं, इंजेक्शन देताना त्याच्याशी क्रिकेटबद्दल बोलायचं, रक्त काढायचं असेल तर आदल्या दिवशी सांगायचं नाही. विनोदिनी दर वेळी बरोबर असायची. सगुण कदेलावर, म्हणजे पेशंटच्या खुर्चीवर, बसायचा, ती मागे उभी राहायची आणि त्याला काय होतंय ते ती सांगायची. सगुण फक्त जीभ बाहेर काढायचा.

"आता नवो डॉक्टर म्हणजे पयल्यापासून सगळा सांगाचा," सगुण म्हणाला. "माका जमाचा नाय."

"म्हणजे तुमी आता आजारी पडाचे नाय?"

"नाय."

पण आजारी तो होताच. सात महिने झाले होते. रात्री चार-चार, पाच-पाच वेळा उठायचा. न्हाणीघरात शिरला की लवकर बाहेर यायचा नाही, इतका वेळ लावायचा की विनोदिनीचा डोळा लागून परत उघडायचा. म्हापशाला जायचं म्हटलं तर बस कुठे कुठे थांबते याचा हिशेब आधी मांडायचा. लग्नात मांडवात पुढे बसायचं सोडून मागच्या दाराशी बसायचा. हे त्याने महादेव डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं. विनोदिनीने एकदा विषय काढला तेव्हा तो एवढ्या जोरात खोकला की डॉक्टरांनी त्याला खोकल्याचं औषध दिलं.

शेवटी विनोदिनीनेच ठरवलं. लग्न झाल्यापासून सगुणचे शर्ट तीच आणत होती, चपला तीच आणत होती, चष्म्याची फ्रेमसुद्धा तिने स्वतःच्या नाकावर लावून पसंत केली होती आणि ती त्याला बसली होती. डॉक्टरसुद्धा तसाच आणायचा.

"मी बघून येतंय," ती म्हणाली. "चांगलो मिळालो की मगे तुमी या."

"तू थंय काय सांगतलंस? तुका काय झाला?"

"ता माझ्यार सोडा."

तिला काही झालेलं नव्हतं. निदान तिचं मत तसं होतं. संध्याकाळी मानेपासून डोकं चढायचं, पण ते घर चालवणाऱ्या कुठल्या बाईचं चढत नाही? तेव्हा डॉक्टरपुढे बसायचं तर काहीतरी घेऊन जायला हवं, म्हणून तिने सगुणचाच आजार न्यायचं ठरवलं. त्यात तिला काही वावगं वाटलं नाही. घरातलाच तर होता.

पहिला डॉक्टर कमलने सुचवला. पेडण्यात, बाजाराजवळ. "थंय मशीन बोलता," कमल म्हणाली. तिच्या लेखी यापुढे काही सांगायची गरज नव्हती.

मशीन खरंच बोलत होतं. विनोदिनीला सत्तेचाळीस नंबरचा कागद मिळाला आणि बाईच्या आवाजात मशीनने सत्तेचाळीस म्हटलं तेव्हा ती आत गेली. डॉक्टर कॉम्प्युटरकडे बघत होते.

"बोला."

"डॉक्टर, सात महिने झाले, रात्री सारखं उठावं लागतं..."

"जळजळ?"

"कसली?"

"ताप?"

"ताप नाही. पण मी काय म्हणते, एकदा आत गेलं की..."

कोपऱ्यातला प्रिंटर घरघरला. कागद बाहेर आला.

"इन्फेक्शन आहे. पाच दिवस घ्या."

"पण सात महिने?"

"जुनं इन्फेक्शन आहे."

बाहेर मशीनने अठ्ठेचाळीस म्हटलं. अठ्ठेचाळीस नंबरची बाई इतकी चपळ होती की विनोदिनी कदेलावरून पुरती उठायच्या आत ती त्याच्यावर अर्धी बसली होती. बसस्टॉपवर विनोदिनीने आठवून बघितलं. डॉक्टरने एकदाही तिच्याकडे पाहिलं नव्हतं. तिच्या जागी म्हस नेऊन उभी केली असती तरी कागद हाच आला असता. गोळ्या तिने घेतल्या नाहीत आणि सगुणलाही दिल्या नाहीत. ती डॉक्टर बघायला निघाली होती, औषध आणायला नाही.

दुसरा तिने स्वतःच हेरला. मोपाच्या विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्याला नवं क्लिनिक झालं होतं. बाहेरून ते एखाद्या सोनाराच्या दुकानासारखं दिसायचं. आत गेल्या गेल्या कोट घातलेल्या मुलीने लिंबाची चकती घातलेलं थंड पाणी दिलं आणि ईमेल विचारला. विनोदिनीने पत्ता सांगितला. मुलीने परत ईमेल विचारला. विनोदिनीने पत्त्यात मारुतीच्या देवळामागे असं जोडलं. मग तिला एक चार पानी फॉर्म मिळाला. त्यात तुम्ही दिवसातून किती वेळ स्वतःसाठी काढता असा प्रश्न होता. तिने बराच विचार करून 'आंघोळ' असं लिहिलं.

डॉक्टर फार गोड होते. उठून उभे राहिले, हात जोडले. पण त्यांना मराठी येत नव्हतं आणि कोंकणीही नाही. विनोदिनीचं हिंदी मालिकांमधलं होतं. त्या हिंदीत सासूला उलट उत्तर देता येतं, नवऱ्यावर संशय घेता येतो, पण न्हाणीघराबद्दल मालिकांत कोणी बोलत नाही.

"रात को बहुत उठती हूँ," ती म्हणाली. "पाँच बार."

"नींद नहीं आती?"

"नींद आती है. फिर उठती हूँ."

डॉक्टरांनी सहानुभूतीने मान हलवली. झोपेचा आजार होता. त्यासाठी एक रात्र इथे येऊन झोपायचं, डोक्याला, छातीला, बोटांना वायरी लावायच्या आणि कॉम्प्युटर रात्रभर बघत बसणार. शिवाय सगळ्या शरीराच्या तपासण्यांचं एक पॅकेज होतं, त्याचं चकचकीत पुस्तक मिळालं.

घरी सगुणने पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं. "वायरी लावून निजाचा?" तो म्हणाला. "आणि व्होल्टेज वाढला तर?"

तिसरा डॉक्टर साखळीचा. सगुणची बहीण देवकी साखळीला दिलेली. तिच्या नातवाच्या बारशाला विनोदिनी एकटीच गेली, कारण धारगळहून साखळीपर्यंतचा प्रवास सगुणला झेपणारा नव्हता. देवकीने सहज बोलता बोलता पांडुरंग डॉक्टरांचं नाव घेतलं. माणूस म्हणजे साखर. जेवणं आटोपल्यावर विनोदिनी दुकानात जाऊन येते म्हणून सटकली आणि पांडुरंग डॉक्टरांच्या पुढ्यात जाऊन बसली.

हा माणूस खरोखरच तोंडाकडे बघून बोलत होता. त्यांनी दंडाला प्रेशरची पट्टी गुंडाळली, फुगा दाबायला लागले आणि विचारलं, "खंयच्या तुमी?"

"धारगळच्या."

"धारगळच्या कोणाच्या?"

विनोदिनीने सासऱ्यांचं नाव सांगितलं. डॉक्टरांनी फुगा दाबायचं थांबवलं. पट्टीतली हवा सुस्कारा टाकून निघून गेली. "म्हणजे वजरीला ज्यांची आत्या दिली होती ते?" तेच. डॉक्टरांनी पुन्हा फुगा दाबला. "मग कासारपालचे तुमचे कोण?" चुलत दीर. हवा पुन्हा गेली. असं चार-पाच वेळा झालं. प्रत्येक वेळी पट्टी दंड आवळायची आणि प्रत्येक वेळी एखादी आत्या नाहीतर मावशी मध्ये येऊन ती सोडवायची. शेवटी डॉक्टरांच्या बायकोचा मामा आणि सगुणच्या काकाचा सासरा हे सख्खे भाऊ निघाले. डॉक्टरांनी आनंदाने पट्टी सोडून टेबलावर टाकली. "म्हणजे तुमी आमच्याच!" ते म्हणाले. प्रेशर किती होतं ते राहूनच गेलं.

पण त्यांनी ऐकून घेतलं. रात्रीचं उठणं, न्हाणीघरातला वेळ, सगळं. जेवता काय विचारलं, पाणी किती पिता विचारलं, काही दिवस जवाचं पाणी घ्या, मग परत या, म्हणाले. परतीच्या बसमध्ये विनोदिनी समाधानाने बसली होती. डॉक्टर सापडला होता. जरा लांब होता एवढंच.

ती घरात शिरते तोच फोन वाजला. देवकी होती.

"वयनी, तुका येवढा होता आणि माका एका शब्दान सांगूक नाय? रात्री पाच-पाच वेळा?"

 विनोदिनी अजून डिचोली पार करत असतानाच तिचा आजार देवकीच्या ओट्यावर पोचला होता. त्यानंतर कासारपालहून चुलत जाऊबाईंचा फोन आला, त्यांनी गोखरूचा काढा सांगितला. वजरीहून कोणीतरी फोन करून लाजू नकोस म्हणाली, बायकांना होतंच असं. रविवारी दोन नातेवाईक प्रत्यक्ष येऊन गेले आणि जाताना तिच्याकडे अशा नजरेने बघून गेले की तिला आपण खरंच त्या आजाराने खंगलोय असं वाटायला लागलं.

सगुण हे सगळं खिडकीशी बसून ऐकत होता. त्याच्या अंगावर काटा आला होता. सगळ्या गोतावळ्यात जो आजार चघळला जात होता तो त्याचा होता आणि नाव मात्र बायकोचं लागलं होतं.

"बरा झाला, माका नेलंस नाय," तो एवढंच म्हणाला.

विनोदिनीने हात टेकले. आता डॉक्टर नाही, बघणं नाही. आठवडाभर तिने विषय काढला नाही. पुढच्या सोमवारी ती हायवेजवळच्या औषधाच्या दुकानात सगुणच्या गुडघ्याला लावायचं मलम आणायला गेली. दुकानाला लागूनच नळाच्या पाइपांचं दुकान होतं आणि त्या दोहोंच्या मधून एक अरुंद जिना वर जात होता. जिन्याशी छोटी पाटी होती. डॉ. मनीषा, सकाळी नऊ ते एक. पाटीखाली कोणीतरी खडूने 'बुधवार बंद' लिहिलं होतं. त्याच वेळी एक म्हातारा जिना उतरत होता. तो खाली आला, थांबला आणि विनोदिनीला म्हणाला, "पिडा! बिडी सोड म्हणता." मग जरा थांबून, "पण बरी आसा," असं म्हणून निघून गेला.

विनोदिनी काही न ठरवता जिना चढली.

वर एक खोली, एक बाक आत, एक दाराबाहेर, एक फिरता पंखा. टेबलामागे तिशी-बत्तिशीची बाई बसली होती. साधा ड्रेस, केस वर बांधलेले. विनोदिनीपुढे दोनच पेशंट होते. तिची पाळी आली तेव्हा डॉक्टरने पेन खाली ठेवलं.

"बसा मावशी. काय होतंय?"

विनोदिनीने सुरुवात केली. रात्रीचं उठणं सांगितलं. बसचं सांगितलं, लग्नाचं सांगितलं. मध्ये कोणी बोलेना. प्रिंटर घरघरला नाही, आत्या निघाली नाही. ती शेवटाला पोचली आणि तिला पुढे काय करावं ते कळेना, कारण आजवर मध्ये कोणी काही न विचारता ती शेवटापर्यंत कधी पोचलीच नव्हती. म्हणून तिने पहिल्यापासून परत सांगायला घेतलं, या वेळी जरा बारकाव्यांसकट.

"धार लागत नाही लवकर. लागली तरी तुटक. आणि उभं राहून राहून पाय भरून येतात."

"उभं राहून?" डॉक्टरने विचारलं.

"हो ना. दहा-दहा मिनिटं. एका हाताने भिंत धरून."

डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं. मग टेबलाकडे पाहिलं. मग खालचा ओठ दातांनी घट्ट धरला. खालच्या दुकानात कोणीतरी पाऊण इंची एल्बो मागत होतं.

"मावशी," ती म्हणाली, "हा आजार तुम्हाला होणं कठीण आहे."

"का? माझं वय झालं नाही?"

"वय झालं असेल. पण त्यासाठी एक ग्रंथी लागते. ती बायकांना नसतेच. फक्त पुरुषांना असते."

 पंखा विनोदिनीच्या बाजूला वळला, पदर हलवून गेला, परत फिरला. तीन डॉक्टरांपुढे तिने हाच आजार नेला होता, आणि एकालाही काही खटकलं नव्हतं.

"घरी कोण असतं?"

"घरकार, आमचे हे," विनोदिनी म्हणाली. तिने मान खाली घातली होती. "ते येत नाहीत. म्हणून मी आधी बघून जाते."

आता डॉक्टर हसली, पण चेष्टा केल्यासारखी नाही. "त्यांना घेऊन या. ते आले की त्यांचं बघू. आता तुम्ही आलाय, तर तुम्हाला बघते."

"मला काय झालंय? मी धडधाकट आहे."

"मग दोन मिनिटांत सुटाल."

दंडाला पट्टी आली, आवळली, सुटली. डॉक्टरने काट्याकडे पाहिलं. दुसऱ्या दंडाला बांधली. पुन्हा काट्याकडे पाहिलं.

"जिना चढून आले ना," विनोदिनी म्हणाली.

"बसा दहा मिनिटं. बोलू नका."

पुढच्या पेशंटला तपासून झाल्यावर तिसऱ्यांदा पट्टी बांधली. वरचं एकशे ब्याऐंशी, खालचं एकशे चार.

"डोकं दुखतं?"

"संध्याकाळी. मानेपासून वर. पण ते घरकारामुळे."

डॉक्टरने लिहून घेतलं.

"काय लिहिलंत?" विनोदिनीने घाबरून विचारलं.

"डोकं दुखतं एवढंच. याआधी प्रेशर कधी तपासलं होतं?"

"महादेव डॉक्टर दर खेपेला..." विनोदिनी बोलता बोलता थांबली. दर खेपेला पट्टी बांधली जायची ती सगुणच्या दंडाला. ती मागे उभी असायची. चौतीस वर्षं ती त्या दवाखान्यात गेली होती, दिवस मोजायचे तर शेकड्यांनी भरतील. डॉक्टर तिला बघून दर वेळी विचारायचे, "तू बरी मगो?" आणि ती दर वेळी म्हणायची, "बरी." तेवढ्यावर तपासणी संपायची. त्या दवाखान्यात तिच्या नावाचा एक कागदसुद्धा नव्हता. डॉक्टर गेला म्हणून घरात जी एवढी हळहळ चालली होती, तो डॉक्टर तिचा कधी नव्हताच.

"आठवत नाही," ती म्हणाली.

डॉक्टरने कोरा कागद घेतला. नाव विचारलं, वय विचारलं. विनोदिनीने तोंड उघडलं तेव्हा सवयीने सगुणचं नाव ओठांवर आलं होतं.

ती घरी आली तेव्हा तिच्या हातात मलम होतं, तिच्या नावाची गोळ्यांची पट्टी होती आणि रक्त तपासायची चिठ्ठी होती. सगुणला आधी मलमच दिसलं.

"डॉक्टर म्हणाले, माका प्रेशर आसा," ती म्हणाली. "रोज गोळी घेवची लागतली. कदाचित जल्मभर."

सगुण उठून उभा राहिला. "तुका? तुका काय झाला? तुका कधी साधा पडसा जाव्क नाय! कोण ह्यो डॉक्टर?"

"हायवेर. चांगले आसत."

"वयान?"

"तरणे आसत."

"खंयचे?"

"सावंतवाडीकडचे."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. बाईमाणूस असेल तर 'म्हणाल्या' म्हणतात हे विनोदिनीला ठाऊक होतं. पण डॉक्टर म्हटलं की आसपासचे सगळे सरसकट 'म्हणाले'च म्हणतात, तेव्हा आपण एकटीने व्याकरण कशाला सुधारायचं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. सगुणला कळलं असतं तर तो उंबऱ्याबाहेर पडला नसता. त्याचा तो आजार, आणि वर बाई!

पण सगुणच्या डोक्यात त्याचा आजार नव्हताच. रात्रभर तो कुशी बदलत राहिला आणि पाच वेळा उठलाही. सकाळी त्याने स्वतःहून इस्त्रीचा शर्ट काढला. "चल," तो म्हणाला. "कोण माणूस असो बायलांक जल्माच्यो गोळ्यो देता, बघूया."

जिना चढताना तो दोनदा थांबला. वर पोचल्यावर खोलीत बाकावर कोणी नव्हतं, टेबलामागे एक तरुण बाई कागद लावत होती.

"बाय, डॉक्टर खंय आसत?"

"हंयच आसत."

सगुणने खोलीभर नजर फिरवली. "खंय?"

"तुमच्या समोर, काका. बसा."

सगुणने विनोदिनीकडे पाहिलं. विनोदिनी पंख्याकडे बघत होती, पंख्याबरोबर डावीकडून उजवीकडे.

त्याच क्षणी तो जिना उतरला असता. पण भांडण घेऊन आलेल्या माणसाला भांडल्याशिवाय परत फिरता येत नाही. तो कदेलाच्या अगदी कडेवर बसला. "हिका गोळी कित्याक?" त्याने विचारलं. "ही बरी आसा. मी चाळीस वर्सां बघतंय."

 डॉक्टरने विनोदिनीच्या दंडाला पट्टी बांधली आणि मीटर सगुणच्या बाजूला वळवला. "तुम्ही वाचा काका. काटा उडायला लागला की सांगा, आणि थांबला की सांगा."

सगुण पुढे वाकला. मीटर वाचायचं काम त्याने बरंच केलेलं होतं. काटा एकशे ऐंशीला थरथरायला लागला तेव्हा तो सवयीने म्हणाला, "लोड ज्यास्ती आसा."

"कसला लोड?"

"लाइनीर. असो लोड आसलो की..."  असा लोड असला की काय होतं ते त्याला या खोलीतल्या कोणापेक्षाही जास्त ठाऊक होतं. त्याने अगदी वेगळ्या आवाजात विचारलं, "कधीपासून आसा ह्या?"

"माहीत नाही," डॉक्टर म्हणाली. "कोणी मीटर लावलाच नव्हता."

सगुणने बायकोकडे पाहिलं. तिचं डोकं दुखतं हे त्याला ठाऊक होतं, ती दर संध्याकाळी सांगायची, आणि तो म्हणायचा, चाय घे. त्याने काहीतरी बोलण्यासाठी घसा खाकरला. विनोदिनीला वाटलं आता हा पुन्हा खोकणार.

पण तो म्हणाला, "आणि माका..." आणि अडकला.

"माझ्याकडे आहे सगळं," विनोदिनी लगबगीने पुढे सरसावली. "मी सांगते, सात महिने झाले..."

"मावशी, तुम्ही जरा बाहेर बसता?"

"मी? अहो, त्यांना सांगता येत नाही. मीच सांगते नेहमी."

"येईल त्यांना."

विनोदिनी बाहेरच्या बाकावर येऊन बसली. दार लोटलं गेलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दोन पेशंट येऊन बसले. आतून आधी काही ऐकू येईना. मग सगुणचा आवाज आला, हळू, मग जरा मोठा. मग तो हसलासुद्धा. मग खांबाची, ट्रान्सफॉर्मरची, कोरगावच्या वादळाची गोष्ट ऐकू आली, जी तो फक्त जवळच्या माणसांना सांगायचा. विनोदिनी दाराकडे सरकून बसली. शेजारच्या पेशंटने तिच्याकडे पाहिलं तेव्हा ती परत जागेवर सरकली.

पंचवीस मिनिटांनी तो बाहेर आला. हातात चिठ्ठी होती, म्हापशाला सोनोग्राफी करायची आणि रक्त तपासायची.

"काय म्हणाले?" तिने जिन्यातच विचारलं.

"म्हणाल्या," सगुण म्हणाला.

"बरं, म्हणाल्या. काय म्हणाल्या?"

"ता माझा आणि डॉक्टरचा."

विनोदिनी पायरीवर थांबली. ज्या आजारासाठी तिने म्हशीगत रांगेत उभं राहून घेतलं, हिंदी बोलून घेतलं, अख्ख्या गोतात नाव करून घेतलं, तो आजार आता तिला परका झाला होता. घरापर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही.

सोनोग्राफीत काळजीचं काही निघालं नाही. ग्रंथी सुजली होती, वयाने सुजते तशी. दोघांच्या रक्ताचे रिपोर्टही ठीक आले. सगुणला एक गोळी सुरू झाली आणि महिन्याभरात तो रात्री एकदाच उठायला लागला. एवढी झोप मिळाल्यावर त्याच्याकडे दिवसा भलतीच ताकद उरायला लागली आणि ती सगळी त्याने विनोदिनीच्या प्रेशरवर लावली. मिठाची बरणी त्याने माळ्यावर ठेवली, जिथे शिडीशिवाय हात पोचत नाही. सुंगटाचं, म्हणजे कोलंबीचं, सुकं बंद झालं. मिसांगाच्या, म्हणजे मिरच्यांच्या, लोणच्याची बरणी कमलच्या घरी रवाना झाली. संध्याकाळी तो तिला शेताच्या बांधापर्यंत चालवून आणायचा आणि ती थांबली की घड्याळ दाखवायचा. जेवणाला चव म्हणून राहिली नव्हती.

दीड महिन्याने ती दोघं परत गेली. आता सगुण जिना न थांबता चढला. आधी तो आत गेला, मग ती. या वेळी डॉक्टरने त्याला बाहेर बसवलं.

प्रेशर वरचं एकशे छत्तीस होतं. डॉक्टरने मान हलवली. "छान आहे. मीठ कमी केलंत?"

"केलं," विनोदिनी म्हणाली. मग दाराकडे बघून तिने आवाज खाली आणला. "एक सांगायचं होतं. कमलकडे लोणचं ठेवलंय आमचं. दुपारी ते झोपले की मी तिकडे पेज प्यायला जाते."

डॉक्टरने पेन उचललं.

"लिहू नका!"

"लिहिते. खरं सांगितलंत म्हणून लिहिते. किती मिरच्या?"

"दोन."

डॉक्टर पेन तसंच धरून तिच्याकडे बघत राहिली.

"बरं, चार," विनोदिनी म्हणाली.